मुंग्या जाव्यात, अक्षता राहाव्यात

व्हिडिओ एन्कोड करताना नॉइज, म्हणजे चित्रातल्या मुंग्या किंवा दाणे, कमी करणारे फिल्टर कसे निवडावेत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी १९९१ सालच्या एका लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. ती एका केंद्रातून संगणकावर उतरवून घेतली. मिळालेली फाइल तासाला सुमारे १३ जीबी एवढी मोठी आहे आणि चित्रात सतत मुंग्या दिसतात. नातेवाइकांना पाठवता यावी म्हणून ती हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये लहान करायला घेतली, तेव्हा डीनॉइजखाली एचक्यूडीएन३डी आणि एनएलमीन्स असे दोन पर्याय दिसले. ‘स्ट्राँग’ लावून पाहिले. मुंग्या गेल्या, पण माणसे मेणाची वाटू लागली आणि मंगलाष्टकांच्या वेळी उडणाऱ्या अक्षता जवळजवळ नाहीशा झाल्या. नेमके काय निवडावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तासाला १३ जीबी या आकारावरून आपली फाइल डीव्ही या कमी काटछाट करणाऱ्या स्वरूपातली दिसते आणि ही आपली मोठीच जमेची बाजू आहे. ही फाइल काही झाले तरी पुसू नये. फिल्टर लावायचे ते नेहमी नव्या प्रतीसाठी. पुढेमागे याहून चांगले फिल्टर येतील, पण तेव्हा कॅसेट चालेलच याची खात्री नाही. कोकणातल्या दमट हवेत तर टेपला बुरशी लागते, आणि तशी टेप साफ न करता व्हीसीआरमध्ये घातली की यंत्राचे हेडही खराब होते.

मुंग्यांमुळे फाइल का फुगते, हे आधी पाहू. एन्कोडर मागच्यापुढच्या फ्रेमवरून चालू फ्रेमचा अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक साठवतो. मागची भिंत स्थिर असेल तर तिच्यासाठी जवळजवळ काहीच साठवावे लागत नाही. मुंग्या मात्र प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतात, त्यामुळे अंदाज दर वेळी चुकतो आणि बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला साठवायच्या माहितीचा, मोठा वाटा त्या रिकाम्या भिंतीवर खर्च होतो. बिटरेट पुरेनासा झाला की एन्कोडर सरसकट काटछाट करतो, आणि तीत मुंग्यांबरोबर चेहऱ्यावरचे बारकावेही जातात. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये दोन की-फ्रेममधले, म्हणजे इतर फ्रेमचा आधार न घेता पूर्ण साठवलेल्या फ्रेममधले, कमाल अंतर मुळात २५० फ्रेमचे, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या व्हिडिओत १० सेकंदांचे असते. कमी बिटरेटवर केलेल्या प्रतीत अंधारी भिंत ठरावीक वेळाने दचकल्यासारखी दिसते, ती बहुधा याच सांध्यांवर.

आता आपल्या कॅसेटवरच्या मुंग्यांचे स्वरूप पाहू, कारण फिल्टरची निवड त्यावरच ठरते. व्हीएचएसवर चित्राचा उजेड सुमारे ३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नोंदला जातो. डीव्हीच्या ओळीत ७२० पिक्सेल असले, तरी त्यांतला खरा तपशील निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून या मुंग्या सुट्या ठिपक्यांच्या नसतात, आडव्या ताणलेल्या, दोन-तीन पिक्सेल रुंदीच्या असतात. शेजारचे पिक्सेल पाहून सरासरी काढणाऱ्या फिल्टरला अशी मुंगी आणि शालूची जर यांत फरक करता येत नाही. रंगाची नोंद तर याहून कितीतरी अरुंद पट्ट्यात होते, आणि लाल शालूवरचे वळवळणारे डाग तिथून येतात. या दोन्ही कारणांमुळे व्हीएचएससाठी दोन गोष्टी धरून चालाव्यात: पहिली, एकाच फ्रेममधल्या शेजाऱ्यांपेक्षा आधीच्या-नंतरच्या फ्रेमची तुलना अधिक उपयोगी पडते, दुसरी, रंगावर फिल्टर जोरात लावला तरी चालतो, उजेडावर मात्र हलकाच हवा.

मात्र त्याआधी इंटरलेसिंगचा निकाल लावला पाहिजे. आपली कॅसेट पाल पद्धतीची असणार, म्हणजे तिच्यात सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्ध्या फ्रेम, आहेत आणि एका फ्रेममधल्या सम व विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या आहेत. अशा फ्रेमवर थेट डीनॉइज लावल्यास दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलणाऱ्या हाताच्या कडांना दाते पडून ते तसेच राहतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस, म्हणजे फील्डवरून पूर्ण फ्रेम तयार करणे, सुरू केले की ते डीनॉइजच्या आधीच होते. तिथे ‘बॉब’ हा पर्याय निवडून सेकंदाला ५० फ्रेमची प्रत करावी. हालचाल कॅसेटवर दिसते तशीच सलग राहते. ॲव्हिसिंथ किंवा व्हेपरसिंथ ही स्क्रिप्ट लिहून चालवायची साधने वापरण्याची तयारी असेल तर त्यांतल्या क्यूटीजीएमसी या डीइंटरलेसरला तोड नाही. ते डीइंटरलेस करतानाच कडांची थरथर आणि काही प्रमाणात मुंग्याही कमी करते, आणि पुष्कळ कॅसेटना त्यानंतर वेगळ्या फिल्टरची गरजही उरत नाही.

एचक्यूडीएन३डी हा जुना, वेगवान फिल्टर आहे. तो प्रत्येक पिक्सेल शेजारच्या पिक्सेलशी आणि आधीच्या फ्रेममधल्या त्याच जागेशी ताडून पाहतो. फरक लहान असेल तर सरासरी काढतो, मोठा असेल तर हात लावत नाही. वस्तू हलून कुठे गेली याचा शोध तो घेत नाही, त्यामुळे जोर वाढवला की मंद प्रकाशात हळू वळणाऱ्या चेहऱ्यामागे अस्पष्ट सावली रेंगाळते. एनएलमीन्सची रीत वेगळी आहे. ब्युआदेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ साली मांडलेल्या या पद्धतीत पिक्सेलभोवतीचा छोटा तुकडा घेऊन आसपास त्याच्यासारखे तुकडे शोधले जातात आणि साम्य जितके जास्त तितके अधिक वजन देऊन सरासरी काढली जाते. हँडब्रेकमध्ये हा शोध आधीच्या फ्रेममध्येही घेतला जातो. पदरावरची नक्षी पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ती या पद्धतीत चांगली टिकते. वेळ मात्र कितीतरी पट जास्त लागतो, आणि तीन तासांची कॅसेट साध्या लॅपटॉपवर रात्रभर चालू ठेवावी लागली तर नवल नाही.

आपल्यासाठी माझी शिफारस अशी: एनएलमीन्स, जोर ‘अल्ट्रालाइट’ किंवा फार तर ‘लाइट’, आणि ट्यून ‘टेप’. वेळ परवडत नसेल तर एचक्यूडीएन३डीचे आकडे स्वतः भरावेत. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या साधनात ते उजेडाची जागा, रंगाची जागा, उजेडाचा काळ आणि रंगाचा काळ (जागा म्हणजे एकाच फ्रेममधले शेजारी, काळ म्हणजे आधीच्या फ्रेम) या क्रमाने द्यायचे असतात आणि काहीच न दिल्यास ४, ३, ६ आणि ४.५ असे धरले जातात. व्हीएचएससाठी १, ३, ३, ६ येथून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते.

अक्षतांचे काय होते, तेही पाहू. अक्षतेचा दाणा व्हीएचएसवर दोन-तीन पिक्सेलचा फिकट ठिपका असतो, एका फील्डमध्ये दिसतो आणि पुढच्या फील्डमध्ये दुसरीकडे जातो. नॉइजचीही खूण हीच. ‘स्ट्राँग’ फिल्टरने आपल्या अक्षता पुसल्या, त्यात त्याचा दोष नाही. टेपवरच्या ड्रॉपआउटच्या पांढऱ्या रेघा काढणारे फिल्टर तर एकाच फ्रेममध्ये दिसणारी वस्तू काढून टाकण्यासाठीच केलेले असतात, म्हणून ते मंगलाष्टकांच्या भागावर मुळीच लावू नयेत. तेवढा भाग वेगळा कापून, डीनॉइज न लावता एन्कोड करून नंतर जोडला तर उत्तम. त्या मिनिटाभराचा बिटरेट वाढला म्हणून बिघडत नाही.

निवड करण्यासाठी संपूर्ण कॅसेट पुन्हा पुन्हा एन्कोड करू नये. एक जवळून घेतलेला चेहरा, एक धावपळीचा प्रसंग आणि एक अंधारा कोपरा, असे वीस-वीस सेकंदांचे तीन तुकडे पुरेत. ते थांबवून न पाहता चालू ठेवून, नेहमीच्या अंतरावरून टीव्हीवर पाहावेत. थांबवलेल्या चित्रात मुंग्या जेवढ्या खटकतात तेवढ्या चालत्या चित्रात खटकत नाहीत, उलट रेंगाळणारी सावली मात्र चालू असतानाच कळते. याहून पक्की कसोटी म्हणजे मूळ आणि फिल्टर केलेले चित्र यांची वजाबाकी. एफएफएमपेगच्या ब्लेंड फिल्टरमधल्या ‘ग्रेनएक्स्ट्रॅक्ट’ प्रकाराने ती करता येते. फिल्टरने जे काढले ते राखाडी पडद्यावर दिसते. तिथे नुसता भुरभुराट असेल तर ठीक. नथीचा आकार, मुंडावळ्यांच्या दोऱ्या किंवा डोळ्यांच्या कडा उमटल्या असतील, तर फिल्टर चित्र खातो आहे असे समजून जोर कमी करावा.

शेवटी सीआरएफविषयी, म्हणजे चित्राचा दर्जा ठरवणाऱ्या आकड्याविषयी; तो जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. एक्स२६४ मध्ये १८ ते २० ठेवावा. सीआरएफवर एन्कोड करताना फिल्टरचा फायदा लहान फाइलच्या रूपाने मिळतो, ठरावीक बिटरेटवर तो चांगल्या चित्राच्या रूपाने मिळतो. फिल्टर लावून सीआरएफ २६ वर नेला तर दोन्हीकडून काटछाट होते, कारण सीआरएफ ६ ने वाढला की बिटरेट साधारण निम्म्यावर येतो. धार वाढवणारा शार्पन फिल्टर नंतर लावू नये; कॅमेरा आणि व्हीसीआर यांनी कडांभोवती आधीच पांढरी किनार चढवलेली असते.

प्रश्न : आमच्याकडे कॅसेटही नाही आणि मोठी फाइलही नाही, आहे ती फक्त कॅसेटवरून करून घेतलेली डीव्हीडी. तिच्यातल्या मुंग्या चौकोनी दिसतात. हेच फिल्टर चालतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फारसे नाही. चौकोनी दिसते ते एमपेग-२ च्या ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांमुळे, आणि कडांभोवती घोंगावणारे किडे हेही त्याच काटछाटीचे अवशेष आहेत. डीनॉइज फिल्टर ठोकळ्याची कड ही खरी कड समजून जपतो. आधी डीब्लॉक फिल्टर हलक्या प्रमाणात लावावा आणि त्यानंतर गरज वाटली तरच एचक्यूडीएन३डी अगदी कमी जोरावर वापरावा. डीव्हीडी डीइंटरलेस केलेली आहे की नाही, हे आधी हालचालीच्या दृश्यात तपासून घ्यावे. खरे तर कॅसेट कोणा नातेवाइकाकडे असण्याची शक्यता असेल तर ती शोधण्यात घालवलेला वेळ अधिक फळेल.

प्रश्न : जत्रेतल्या दशावतारी नाटकाचे फोनवरून ४के चित्रण केले. रात्रीची वेळ होती आणि दिवे मोजकेच होते. मागच्या गडद पडद्यावर तपकिरी-जांभळे डाग वळवळतात. एनएलमीन्स ‘मीडियम’वर लावूनही डाग राहिले, राजाच्या मुकुटावरची नक्षी मात्र गेली. हा प्रयोग यूट्यूबवर ठेवायचा आहे.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपल्या चित्रणातला नॉइज आधीच एकदा काढलेला आहे. कमी प्रकाशात फोन स्वतःच जोरदार डीनॉइज करतो आणि मग घट्ट कॉम्प्रेशन करतो. बारीक दाणे तिथेच जातात, आणि मागे उरतात ते मोठे, मऊ कडांचे डाग. एनएलमीन्स काही पिक्सेलचा तुकडा घेऊन जवळपासच शोध घेतो. एफएफएमपेगमध्ये मुळात तुकडा ७ पिक्सेलचा आणि शोधाची चौकट १५ पिक्सेलची असते. ४के चित्रातला एक डाग या चौकटीहूनही मोठा असू शकतो. चौकटीतले सगळेच एकसारखे दिसल्यामुळे फिल्टर डागाला चित्राचाच भाग समजतो, आणि मुकुटावरची बारीक नक्षी मात्र त्याच्या तावडीत सापडते. जोर वाढवून हे सुटणार नाही.

येथे क्रम उलटा करावा. एरवी डीनॉइज आधी आणि आकार लहान करणे नंतर असा क्रम असतो आणि हँडब्रेकमध्ये तो बदलता येत नाही. एफएफएमपेगमध्ये मात्र फिल्टर आपण लिहू त्या क्रमाने चालतात. आधी ४के चे १०८० करावे. चार पिक्सेलचा एक होताना उरलासुरला सुटा दाणा निम्मा होतो आणि डागांचा आकारही दोन्ही दिशांनी निम्मा होऊन ते फिल्टरच्या आवाक्यात येतात. मग रंगावर जोर देऊन आणि उजेडावर जवळजवळ काहीच न करता फिल्टर लावावा, कारण आपल्या वर्णनातले तपकिरी-जांभळे डाग मुख्यतः रंगाचे आहेत.

फोन तिकाटण्यावर होता की हातात, हे आपण लिहिलेले नाही. तिकाटण्यावर असेल तर एटीएडीनॉइज हा काळाच्या दिशेने सरासरी काढणारा फिल्टर अवश्य वापरून पाहावा. तो मुळात ९ फ्रेम विचारात घेतो, आणि सुट्या नॉइजचे प्रमाण ९ फ्रेमच्या सरासरीत एक तृतीयांशावर येते. पात्र हलले की त्या जागी फरक मर्यादेबाहेर जातो आणि सरासरी थांबते. पडदा शांत होतो, राजा तसाच राहतो. फोन हातात असेल तर मात्र पडद्यासह सगळेच हलत असल्यामुळे हा उपाय निरुपयोगी ठरतो. मग ॲव्हिसिंथ-व्हेपरसिंथसाठीच्या एमव्हीटूल्समधले, हालचालीचा माग काढणारे एमडीग्रेन वापरावे लागेल, आणि ते शिकून घ्यायला सवड हवी.

सगळे डाग काढण्याचा हट्ट धरू नये. गडद पडद्यावरचा प्रकाशाचा उतार पूर्ण गुळगुळीत झाला की ८ बिटमध्ये, म्हणजे मोजक्याच छटांत, त्याच्या पायऱ्या दिसू लागतात. घरच्या प्रतीसाठी १० बिट एचईव्हीसी (एच.२६५) हा त्यावर चांगला उपाय आहे. साध्या (एचडीआर नसलेल्या) चित्रणासाठी यूट्यूब स्वतः पुन्हा एन्कोड करून ८ बिटच दाखवते, तेव्हा तिथे थोडा बारीक दाणा राहू दिलेला बरा. तो पायऱ्या झाकतो. चढवायची फाइल सीआरएफ १६ ते १८ ची, म्हणजे भरपूर बिटरेटची असावी, कारण पुढची काटछाट तिथे होणारच आहे.

पुढच्या जत्रेत शक्य असल्यास हाताने सेटिंग करू देणारे कॅमेरा ॲप वापरावे आणि सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिव्यांची लुकलुक बहुधा चित्रात येत नाही, आणि १/१०० च्या तुलनेत दुप्पट प्रकाश मिळाल्यामुळे नॉइजही मुळातच कमी होतो.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरने जुने चित्रण लखलखीत केले, पण आजोबांचा चेहरा दुसऱ्याच कोणाचा वाटतो. हा भ्रम आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : भ्रम नाही. एनएलमीन्ससारखा फिल्टर आपल्याच चित्रातल्या पिक्सेलची सरासरी काढतो. तो चुकला तर तपशील कमी होतो, नवा जन्माला येत नाही. प्रशिक्षित जाळ्यावर (न्यूरल नेटवर्कवर) चालणारी साधने शिकवणीच्या वेळी पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून हरवलेला तपशील रचतात. चित्रात चेहरा चाळीस पिक्सेलचा असेल, तर पापण्या आणि सुरकुत्या बहुतांशी रचलेल्याच असणार. निसर्गदृश्यात हे खपते. घरच्या माणसांच्या बाबतीत चेहरा सुधारण्याचा पर्याय बंद करून फक्त डीनॉइज ठेवावे, तेही मूळ फाइल जवळ असेल तरच.

प्रश्न : मी लघुपट करतो. चित्रपटाच्या फिल्मसारखा दाणा मी मुद्दाम ठेवला आहे, पण महोत्सवाने दिलेल्या आकाराच्या मर्यादेत एन्कोड केल्यावर तो चिखलासारखा दिसतो. दाणा काढून टाकावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण दाणा मुद्दाम ठेवला आहे, तेव्हा तो काढणे हा शेवटचा उपाय समजावा. एक्स२६४ आणि एक्स२६५ या दोहोंत ‘ग्रेन’ नावाचे ट्यून, म्हणजे तयार सेटिंग, आहे. त्याने दाणा टिकतो, पण बिटरेट पुष्कळ वाढतो, आणि आकाराची मर्यादा आड येत असेल तर त्याचा उपयोग नाही. दाणा आपण संगणकावर नंतर चढवला असेल, तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे महोत्सवाच्या प्रतीत तो निम्म्याने कमी चढवणे. आधी चढवून मग फिल्टरने काढण्यात अर्थ नाही.

एव्ही१ हे व्हिडिओ स्वरूप चालत असेल तर दुसरा मार्ग आहे. एन्कोडर चित्रातल्या दाण्याचे मोजमाप करतो, दाणा काढलेले चित्र साठवतो आणि सोबत दाण्याच्या मोजमापाचे थोडे आकडे पाठवतो. दाखवणारे यंत्र त्या आकड्यांवरून दाणा नव्याने तयार करून चित्रावर पसरते. एसव्हीटी-एव्ही१ या एन्कोडरमध्ये यासाठी ० ते ५० असा आकडा द्यायचा असतो आणि साधारण ८ ते १२ पासून सुरुवात करता येते. साठवलेले चित्र खरोखर डीनॉइज झाले आहे ना, हे वेगळ्या सेटिंगवर अवलंबून असते. ते बंद राहिले तर मूळ दाण्यावर नवा दाणा चढतो आणि चित्र आणखी खरखरीत होते. मिळणारा दाणा आपला तोच नसतो, त्याच्यासारखा असतो. पडद्यावर तो फरक सहसा जाणवत नाही, पण महोत्सवाचे यंत्र एव्ही१ चालवते का आणि चालवताना दाणा चढवते का, हे फाइल पाठवण्याआधी आयोजकांना लेखी विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी एच.२६४ च मागतात, आणि तसे असेल तर वर सांगितलेला निम्म्या दाण्याचा मार्गच धरावा.